गाडीत घातलं की कुत्रं हलतच नाही: व्हीलचेअरची तक्रार कुठून सोडवायची

मागचे पाय गेलेल्या कुत्र्यांसाठी मी पाइपच्या गाड्या जोडून देतो. धंदा प्लंबिंगचा, त्यामुळं एल्बो, टी आणि क्लॅम्प हाताखालचे. पण आता नव्या गाड्यांपेक्षा दुरुस्तीचीच कामं जास्त येतात, आणि त्यांतली बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होतात: "दादा, गाडी परत घेऊन जा, आमची राणी त्यात पाऊलसुद्धा टाकत नाही." कुणाकडं ऑनलाइन मागवलेली ॲल्युमिनियमची गाडी असते, कुणाकडं घरीच जोडलेली. किंमत कितीही असो, तक्रार तीच.

गाडीत मोडतोड क्वचितच सापडते. खोट बहुधा कुत्र्याच्या पोटात, कातडीवर किंवा पायाखालच्या फरशीत असते. तिथं नसली तर गाडीच्या मापात बोटभर फरक असतो. म्हणून खालचा क्रम फुकटात होणाऱ्या तपासणीपासून सुरू होतो आणि हळूहळू खर्चाकडं जातो. मधलं गाळून करवत हातात घेऊ नका, कापलेला पाइप परत लांब होत नाही.

हे सगळं मागं दोन चाकं असलेल्या गाडीबद्दल आहे, म्हणजे ज्याचे पुढचे पाय चांगले आहेत अशा कुत्र्याबद्दल.

लक्षणं

– गाडीत बांधलं की जागच्या जागी उभं राहतं. मान खाली, कान मागं.
– दोन-चार पावलं टाकून बसायला बघतं, बसता येत नाही म्हणून कण्हतं.
– गाडी सारखी एकाच बाजूला ओढली जाते.
– चढावर पुढचे पाय उचलले जातात, किंवा वळताना गाडी आडवी होते.
– खांद्यात वाकून, नाक जमिनीकडं घालून चालतं आणि लवकर धापा टाकतं.
– जांघेत, काखेत किंवा छातीच्या पट्ट्याखाली केस गेलेत, कातडी लाल किंवा ओलसर दिसते.
– महिनाभर छान चालत होतं, आता गाडी दिसली की कॉटखाली जातं.

शेवटचं लक्षण वेगळं धरा. जे चालत होतं आणि थांबलं, त्याला काहीतरी दुखतंय असं समजूनच सुरुवात करायची. जे पहिल्या दिवसापासून चाललंच नाही, तिथं माप आणि सवय यांच्यावर आधी संशय घ्यायचा.

आधी हे नाही ना, ते बघा

पाय काल-परवापर्यंत चांगले होते आणि आज गेले, तर गाडीचा विषयच काढू नका. डॅशहाउंड, पग, बीगल अशा जातींत मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब येतो आणि कुत्रं एका रात्रीत मागून लुळं पडतं. त्यात तास मोजायचे असतात. शस्त्रक्रिया लागणार असेल तर पायांची संवेदना शाबूत असतानाच झालेली बरी. अपघातातल्या कुत्र्याला काखेत धरून उचलू नका. फळीवर किंवा पत्र्यावर सरकवा, अंगावरून पट्टी बांधा आणि तसंच दवाखान्यात न्या. "चार दिवस तेल चोळून बघू" हे मी इतक्या घरांत ऐकलंय की ते ऐकल्यावर आता मी गाडीचं माप घ्यायचंच थांबवतो.

भटक्या कुत्र्याची कंबर एकाएकी लुळी पडली, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, भुंकण्याचा आवाज बदललाय, तर हात लावू नका. रेबीजचा एक प्रकार असाच असतो. त्यात कुत्रं पिसाळत नाही, गप्प पडून राहतं आणि लोकांना त्याची दया येऊन ते पाणी पाजायला जवळ जातात. लाळ जखमेला, खरचटलेल्या जागेला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली असेल तर ती जागा वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा, जखम असेल तर साबण लावून, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लशीसाठी जा.

तिसरी गोष्ट: पाय जाऊन दोन-चार दिवसच झालेत आणि आता पुढचे पायही ढिले पडताहेत, श्वास उथळ झालाय. मज्जारज्जूचा नाश वर सरकत असल्याची ही खूण असू शकते. ताबडतोब डॉक्टर.

यातलं काही नसेल तर पुढं वाचा.

मूत्राशय

गाडीला हात लावण्याआधी पोटाला हात लावा. माझ्याकडं येणाऱ्या 'चालत नाही' तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

पाठीच्या कण्याला मार बसला की पायांबरोबर लघवीवरचा ताबाही बहुधा जातो. घरच्यांना वाटतं, लघवी तर होतेय, अंथरूण रोज ओलं असतं. पण ती भरून सांडलेली लघवी असते. टाकी भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी येतं, म्हणून टाकी रिकामी झाली असं होत नाही. अशा भरलेल्या मूत्राशयाखालून गाडीचा पट्टा गेला की प्रत्येक पावलाला दाब बसतो. कुत्रं उभं राहील नाही तर काय करील?

अंदाज असा लावा. कुत्र्याच्या शरीरात दर किलो वजनाला तासाला साधारण १ ते २ मिली लघवी तयार होते. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याची ८ तासांत १२० ते २४० मिली. तुम्ही सकाळपासून पोट दाबलं नसेल आणि संध्याकाळी गाडी बांधत असाल, तर एवढं पाणी पोटात घेऊन ते बिचारं उभं आहे.

कुत्र्याला उभ्यानं धरा, दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, मागच्या पायांच्या जरा पुढं. आत गोल, ताणलेला गोळा लागला तर ते भरलेलं मूत्राशय. दाब तळव्यांनी, हळूहळू वाढवत आणि मागच्या दिशेनं द्यायचा. बोटं खुपसायची नाहीत. धार लागली की दाब तसाच धरून ठेवायचा. दिवसातून ३-४ वेळा, आणि गाडीत घालण्याच्या आधी दर वेळी. ही पद्धत वाचून शिकू नका, एकदा डॉक्टरांच्या हाताखाली करून घ्या. आपला हात कुठं चुकतो ते तिथंच कळतं.

काही कुत्र्यांत मार कण्याच्या वरच्या भागात असतो, तेव्हा मूत्रमार्गाचा स्नायू घट्ट आवळून बसतो. दाबून धार येत नसेल तर जोर वाढवू नका, मूत्राशय फाटू शकतं. अशांना तो स्नायू सैल करणारं औषध लागतं किंवा नळी घालावी लागते. १२ तासांत एक थेंब नाही आणि पोट टणक लागतंय, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. लघवी गढूळ, लालसर किंवा उग्र वासाची असेल तर संसर्ग झालाय. अशा कुत्र्याला तुम्ही सोन्याची गाडी आणली तरी ते चालणार नाही.

हातमोजे घाला, पावसाळ्यात तर नक्कीच. लेप्टोचे जंतू लघवीतून येतात आणि माणसालाही धरतात.

जमीन, नख्या आणि सवय

दुसरं फुकटातलं कारण म्हणजे फरशी. आपल्याकडं हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स असतात आणि गाडी पहिल्यांदा बांधतात तीही तिथंच, कारण सगळ्यांना बघायचं असतं. ज्याला आता फक्त पुढच्या दोन पायांवर ओढायचंय, त्याचे तेच दोन पाय सटकले की ते पुढचं पाऊल टाकत नाही. अंगणात, मातीवर, गवतावर किंवा खडबडीत काँक्रीटवर न्या. पावलांच्या गाद्यांमधले केस कापा, पुढच्या नख्या कापा. मागच्या पायांच्या नख्या घासल्या जात नाहीत म्हणून त्या वळून गादीत घुसतात. तिथं संवेदना नसल्यामुळं कुत्रं सांगत नाही, तुम्हालाच बघावं लागतं.

उन्हाळ्यात हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद डांबरावर टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्यालाही होत नाही.

पहिल्या आठवड्यात गाडीत पाच मिनिटांच्या वर ठेवू नका. आधी गाडी नुसती शेजारी ठेवायची, तिच्याजवळ खायला द्यायचं. मग फक्त पुढचा पट्टा. मग पूर्ण. साखळीनं पुढून ओढायचं नाही, ओढलं की ते मागं रेटतं आणि गाडी म्हणजे शिक्षा हे डोक्यात बसतं. समोर उकडलेल्या चिकनचा तुकडा धरा, किंवा ओळखीचं दुसरं कुत्रं पुढं चालवा. हे दुसरं जास्त चालतं.

सवय झाल्यावरसुद्धा एका वेळी १५-२० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, एवढं पुरे. या गाडीत कुत्र्याला आडवं होता येत नाही. तिला खुर्ची समजून दिवसभर बांधून ठेवणारी घरं मी पाहिलीत. तिथं कुत्रं हलत नाही ते दमून.

कातडी आणि पट्टे

गाडीतून काढल्यावर लगेच हात फिरवा: जांघ, काख, छातीचं हाड, बसायच्या हाडाच्या दोन्ही बाजू, खुबा, घोट्याची बाहेरची बाजू. डोळ्यांनी बघून भागत नाही, केसांखाली दिसत नाही. जिथं गरम, ओलसर किंवा कडक लागतं तिथं उद्या जखम आहे.

पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जायला हवीत. एक जात असेल तर काचतोय, तीन जात असतील तर सरकून घासतोय. जांघेतल्या कड्यांवर, म्हणजे मागचे पाय ज्यांतून घालतात त्या गोल आधारांवर, लोक टॉवेल गुंडाळतात. तो लघवीनं भिजतो आणि तसाच राहतो. त्यापेक्षा एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानातून आणा, मधोमध चिरून कड्यावर चढवा, वरून रेक्झिन शिवा. पुसला की कोरडा होतो. निवार पट्टीची कड चुरचुरीत असते, तिच्यावर मऊ सुती पट्टी शिवल्याशिवाय ती काखेत येऊ देऊ नका.

नर कुत्रा असेल तर पोटाखालचा पट्टा लिंगावर येत नाही ना ते मुद्दाम बघा. त्याला त्याच क्षणी थांबवणारं कारण तेवढंच असू शकतं, आणि घरातले संकोचानं तिकडं बघतच नाहीत.

घासत जाणाऱ्या मागच्या पावलांना सायकलच्या ट्यूबचे बूट करतात, तेही चांगलेच. पण वर रबर बँड लावू नका. संवेदना नसलेल्या पायाचा रक्तपुरवठा तुटला तरी कुत्रं निवांत असतं, पाय सुजून काळा पडल्यावर आपल्याला कळतं. वेल्क्रो वापरा आणि घरी आलं की बूट काढा.

कातडी फाटली असेल तर जखम भरेपर्यंत गाडी बंद. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की बघता बघता अळ्या पडतात. त्यावर फिनाईल ओतणं हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि तो भयंकर आहे. आतलं मांस भाजतं आणि चाटल्यावर विष पोटात जातं. पेट्रोल, रॉकेलचंही तेच. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून स्वतः टोचू नका, कॉलीसारख्या जातींत ते जिवावर बेततं. अळ्या दिसल्या, हाड दिसलं किंवा वास सुटला की काम डॉक्टरांचं.

चाकं

गाडी उलटी करून चाकं फिरवा. दोन्ही सारखी आणि बिनआवाजाची फिरली पाहिजेत. एक लवकर थांबत असेल तर आसाभोवती, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांडीभोवती, केस आणि दोरे गुंडाळलेले असणार. पट्टीच्या करवतीचं पातं किंवा शिवणाची कात्री घेऊन काढा, थेंबभर मशीन ऑइल सोडा. बेअरिंग खरखरत असेल तर बदला, स्वस्त असतं.

एका बाजूला ओढण्याचं पुढचं कारण म्हणजे चाकं समांतर नसणं. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर टेपनं मोजा. फरक असेल तर आसाचा बोल्ट ढिला करून सरळ करा. चाकं खाली जरा बाहेर पसरलेली असली तर चालतं, उलट वळताना गाडी आडवी होत नाही. अंतर सारखं आहे आणि तरी ओढतेय, तर दोष कुत्र्यात शोधा: एखादा पुढचा पाय दुखत असेल, किंवा मागच्या एकाच पायात थोडा जोर उरलेला असेल आणि तो ढकलत असेल. ही दुसरी बातमी चांगली आहे, ती डॉक्टरांना जरूर सांगा.

ट्रॉलीची तीन इंची चाकं घरात ठीक. पेव्हर ब्लॉकच्या फटीत, गटाराच्या जाळीत ती अडकतात आणि कुत्र्याला खांद्यात हिसका बसतो. असे दोन हिसके बसले की ते घराबाहेर पाऊल टाकत नाही. गल्लीत फिरवायचं असेल तर लहान मुलांच्या सायकलची १०-१२ इंची चाकं बसवा.

उंची

इथून पुढं पाना लागतो. गाडीतलं कुत्रं बाजूनं, त्याच्या उंचीवर बसून बघा, मोबाइलवर फोटो काढा. पाठ खांद्यापासून कंबरेपर्यंत साधारण आडवी दिसायला हवी. कंबर वर असेल तर सगळा भार पुढच्या पायांवर लोटला जातो, खाली असेल तर पाठीला बाक येतो आणि कणा दुखतो. पुष्कळ गाड्या मागून उंच असतात, कारण पाय घासू नयेत म्हणून घरच्यांनीच त्या उचललेल्या असतात. पाय घासण्याचा उपाय तो नाही. मागच्या पायांत काहीच हालचाल नसेल तर ते रिकिबीत, म्हणजे मागं बांधलेल्या पट्टीच्या फाशात, उचलून ठेवा. थोडी हालचाल असेल तर मात्र पंजे जमिनीला जेमतेम टेकू द्या. त्या टेकण्यातून स्नायू जागे राहतात, आणि गाडीचा खरा फायदा तोच.

उंची बदलताना एका वेळी एक सेंटिमीटर. बदला, पाच मिनिटं चालवा, बघा.

आस कुठं आहे

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण गाडी सुधारायची असेल तर ती इथंच सुधारते.

ज्यानं बैलगाडी भरली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. ओझं आसाच्या मागं गेलं की गाडी उलाळते आणि जू बैलाच्या मानेवरून वर उचललं जातं. ओझं पुढं आलं की बैलाची मान दबते. कुत्र्याच्या गाडीत ओझं म्हणजे त्याचंच मागचं अंग, आणि जू म्हणजे खांद्यावरचा पट्टा.

आकड्यांत बघा. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो, ४० टक्के मागच्या. २० किलोच्या कुत्र्याचे मागचे ८ किलो जांघेच्या कड्यांवर येतात. खांद्यापासून कड्यापर्यंत ५० सेंमी अंतर धरू. आस कड्याच्या मागं १० सेंमी असेल तर खांद्यावर सव्वा-दीड किलो जादा भार पडतो. तीच आस ५ सेंमीवर आणली तर हा भार पाऊण किलोवर येतो. आणि आस कड्याच्या पुढं ५ सेंमी गेली तर खांदे वर उचलले जातात, जवळजवळ एक किलोच्या जोरानं. मग चढावर पुढचे पाय हवेत जाणारच. यात गाडीचं स्वतःचं वजन धरलेलं नाही, पण हिशेब कळायला एवढं पुरे.

तपासायला उपकरण नको. कुत्र्याला गाडीत बांधा, सरळ उभं करा, खांद्याजवळच्या दोन्ही दांड्यांखाली एकेक बोट घाला आणि उचला. सहज उचलल्या जाव्यात, पण बोट काढल्यावर परत अंगावर टेकाव्यात. जोर लावावा लागला तर आस पुढं घ्या. दांड्या आपोआप वर जात असतील तर मागं घ्या. नाक खाली घालून दमत चालणारं कुत्रं आणि मागं उलटणारी गाडी, दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आणि दुरुस्ती विरुद्ध दिशेची.

पाइपची गाडी असेल तर एक विनंती. आस ज्यात बसते त्या टी-ला (तीन तोंडांच्या जोडाला) सॉल्व्हंट, म्हणजे पाइप चिकटवायचं द्रावण, लावून कायमचं चिकटवू नका. आडव्या पाइपवर क्लॅम्पनं आवळा, आठवडाभर चालवा, जागा पक्की झाली की मग बोल्ट मारा. कुत्र्याचं वजन बदलतं, मागचे स्नायू वाळतात आणि सहा महिन्यांनी तीच आस चुकीची ठरते. ८-१० किलोच्या कुत्र्याला पाऊण इंची पाइप पुरतो, त्यावर एक इंची. लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डसाठी पीव्हीसी मी बनवतच नाही. उन्हात पाइप वाकतो आणि माप रोज बदलतं. तिथं ॲल्युमिनियम.

गाडीच चुकीची असेल तर

वरचं सगळं जुळतंय आणि तरी पुढचे पाय थरथरतात, तर पुढच्या पायांत ताकद उरलीय का ते बघायला हवं. वजन जास्त असेल तर आधी ते उतरवा. गाडी मागचा भार घेते, पण ओढायचं काम पुढच्या पायांचंच.

जर्मन शेफर्डमध्ये साधारण ८ वर्षांच्या पुढं मज्जारज्जू झिजण्याचा एक आजार होतो. मागचा पंजा उलटा पडायला लागतो, कंबर डुलते, महिन्यामहिन्यानं वाढत जातं आणि शेवटी पुढच्या पायांत येतं. त्यात दुखत नाही. म्हणून असं कुत्रं पाठीला हात लावल्यावर ओरडत असेल, तर आजार तो नाही किंवा तो एकटा नाही, आणि ज्यावर इलाज होऊ शकतो असं काहीतरी सुटतंय. अशा कुत्र्याला पुढं कधीतरी चार चाकांची गाडी लागते. ती घरी बनवण्याच्या फंदात पडू नका. चार चाकांत भार वाटणं अवघड आहे, मीही ते काम घेत नाही.

डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातून वाचलेल्या पिल्लांना झोपेतसुद्धा पायाला, जबड्याला झटके येत राहतात. त्यांच्या गाडीला रुंद चाकं आणि जास्त गादी लागते, नाही तर प्रत्येक झटक्याला तीच जागा घासते.

खुबे झिजलेला म्हातारा लॅब्राडॉर ही तर वेगळीच गोष्ट. त्याला उठायला त्रास होतो, चालायला एवढा नाही. त्याला गाडी नको असते आणि तो तसं स्पष्ट सांगतो, आपण ऐकत नाही. फरशीवर रबरी मॅट, पोटाखालून जुन्या ओढणीचा झोळा घेऊन उठवायला मदत, वजन कमी आणि डॉक्टरांनी दिलेलं वेदनेचं औषध, यावर तो वर्ष-दोन वर्षं मजेत काढतो. माणसांच्या गोळ्या त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात.

हत्यारं खाली ठेवायची वेळ

चकतीचं दुखणं ताजं असेल तर गाडी नाहीच. शस्त्रक्रिया न करता बरं करायचं ठरलं असेल तर किमान ४ आठवडे पिंजऱ्यात विश्रांती, आणि गाडी कधी ते डॉक्टर ठरवणार. मणका मोडला असेल तरी तेच.

आधी संवेदना होती आणि आता नाही असं वाटलं तर त्याच दिवशी दाखवा. घरी पायाचं बोट चिमटून खात्री करताना एक फसगत होते: पाय आखडला म्हणजे संवेदना आहे असं लोक धरतात. तो पाय मेंदूला न विचारताही आखडतो. कुत्र्यानं वळून बघितलं, ओरडलं किंवा चावायला आलं, तरच निरोप वर पोचतोय. शंका असेल तर डॉक्टरांनाच करू द्या.

खाणं सोडलं, दोन दिवस शौच नाही, ताप आहे, पाठीला हात लावू देत नाही: यातलं एकही असेल तर उंची आणि आस यांच्याशी खेळत बसू नका. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. त्यामुळं 'एक्स-रे नॉर्मल आला' एवढ्यावर घरी परतू नका, पुढं काय तपासायचं ते विचारा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पहिली तपासणी होते. पुढच्यासाठी आम्ही साताऱ्याकडचे लोक शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जातो, मुंबईत परळला बाई साकरबाई रुग्णालय आहे, विदर्भात नागपूरचं महाविद्यालय. निघण्याआधी फोन करून मज्जातंतूंचं बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा, नाही तर खेप फुकट जाते.

आणि गाडी दुरुस्त करणाऱ्याला, मग तो मी असो किंवा तुमच्या गावातला फॅब्रिकेटर, नुसतं "चालत नाही" असं कळवू नका. हे पाठवा: गाडीत उभं असताना बाजूनं काढलेला फोटो, मागून चालतानाचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, आजचं वजन, जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची, खांद्यापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, कंबरेची रुंदी, पाय कधी आणि कशानं गेले, आणि गाडी वापरायला लागून किती दिवस झाले. मापं कुत्र्याला दोघांनी मिळून उभं धरून घ्या, एकानं कंबर उचलायची आणि दुसऱ्यानं टेप लावायचा. झोपलेल्या कुत्र्याचं घेतलेलं माप दोन-तीन सेंटिमीटरनं हमखास चुकतं.